लेखनिकाची पेटी: शाई अस्सल, कातडं अर्धकच्चं, सोनं खोटं

मुंबईच्या फोर्टमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानात सध्या एक लाकडी पेटी विकायला आहे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ नकलून काढणारे लेखनिक ज्या सामानावर काम करत, ते सगळं म्हणे तिच्यात आहे. कलहंसाची ३ पिसं, चाकू, शाईचा कच्चा माल, बकऱ्याच्या कातड्याचे २ तुकडे, हातकागदाचे ताव, सोनेरी पानं, ती घोटायला अकीकाचा दगड आणि एक पुस्तिका. किंमत तीन हजारांच्या आत. शाई शिकायची असेल तर पैसे वसूल. सोनेरी अक्षरांच्या आशेने घेणार असाल तर घेऊ नका.

शाईत बनवणाऱ्याने खरंच डोकं वापरलंय. तयार बाटली न देता मायफळ ३० ग्रॅम, हिराकस (लोहाचा क्षार) २० ग्रॅम आणि बाभळीचा डिंक १० ग्रॅम अशा पुड्या आहेत. पाणी आपलं, ३०० मिली. ३:२:१ हे प्रमाण जुन्या युरोपीय कृतींच्या जवळचंच. मायफळ तेच, बाळगुटीत उगाळतात ते. ओकच्या झाडावर एक बारीकशी गांधीलमाशी अंडी घालते, झाड त्याभोवती गाठ धरतं आणि त्या गाठीत टॅनिन ठासून भरलेलं असतं. टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की शाई तयार.

मायफळ भरडच कुटा. पीठ केलंत तर गाळता गाळता जीव जाईल. दोन-तीन दिवस भिजवून दुपदरी फडक्यातून गाळा, मग हिराकस, मग डिंक, आणि दिवसभर झाकून ठेवा. पुस्तिकेत ‘लोखंडी कढईत उकळा’ असं छापलंय, ते सोडून द्या. कढईतलं लोह हिशेबाबाहेर शाईत उतरतं. काचेची बरणी उत्तम. पावसाळ्यात चार दिवसांत वर बुरशीची साय धरते, म्हणून दोन लवंगा टाकून ठेवाव्यात.

लिहिताना ही शाई फिकट राखाडी दिसते आणि नवखा माणूस इथेच चुकतो. पातळ झाली असं वाटून तो आणखी हिराकस टाकतो. खरं तर हवा लागली की ती आपोआप गडद होते, दुसऱ्या दिवशी काळीभोर. जास्तीचं लोह आणि आम्ल मिळून कागद खातात. अक्षरांच्या जागी भोकं पडलेली पानं युरोपातल्या ग्रंथालयांत जपून ठेवावी लागतात, आणि दमट हवेत हे खाणं आणखी जोरात चालतं. मुंबईकराने तर हिराकस चिमूटभर कमीच घ्यावी. आपल्या पोथ्यांची काजळाची शाई कागदावर बसून राहते, ओल्या बोळ्याने पुसता येते. ही आत शिरते. फाउंटन पेनात मात्र भरू नका, गाळ बसून ते तुंबतं.

पिसांपैकी दोन भाजून तयार आहेत, एक कच्चं. कच्चं रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि कढईत तापवलेल्या वाळूत, साधारण १७५ अंशांवर, काही क्षण खुपसायचं. दुधाळ देठ पारदर्शक आणि टणक झाला की काढा. नखाने टिचकी मारली तर टक् असा आवाज यायला हवा. जास्त भाजलं तर फोड येतात आणि चीर देताना देठ उभा फाटतो. पिसाचे केस मात्र काढून टाका. सिनेमातला तो झुपकेदार तुरा हातात नुसता अडतो. जुन्या चित्रांतल्या लेखनिकांच्या हातात बहुधा सोललेला देठच दिसतो. बोरूवर हात बसलेल्यांना हे टोक फारच लवचीक वाटेल. दाब निम्मा करा.

चाकू निकामी आहे. पातळ कटरचं पातं वाकतं, त्यामुळे चीर तिरकी जाते. ताठ, आखूड पात्याचा चाकू वेगळा घ्यावाच लागेल, कारण लेखनिकाचा चाकू फक्त पीस तासायला नसतो. उजव्या हातात लेखणी, डाव्यात चाकू; त्याच्या टोकाने उचलू पाहणारं कातडं दाबून धरायचं आणि चुकलेलं अक्षर खरवडायचं. आपल्याकडे पोथीत चुकलेल्या मजकुरावर पिवळी हरताळ फासत, वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ युरोपीय चित्रकारांकडेही होती, पण त्यांनी ती रंगवायला वापरली.

आणखी एक गोष्ट पुस्तिका सांगत नाही. सपाट टेबलावर लिहिलं तर पहिल्याच अक्षराला डाग पडतो. लेखनिकांचं मेज चांगलंच उतरतं असे, त्यामुळे लेखणी जवळजवळ आडवी राहते आणि शाई बेताने उतरते. उतरता पाट किंवा पुस्तकांवर टेकवलेला ड्रॉइंग बोर्ड पुरतो.

कातड्याचे तुकडे बघून तबल्याच्या पुडीची आठवण येते. तेवढेच जाड आणि तेवढेच तेलकट. खरं लेखनचर्म कमावलेलं नसतं. ते चुन्याच्या पाण्यात अनेक दिवस ठेवून, चौकटीवर ताणून, चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याने तासतात आणि ताणलेल्या अवस्थेतच वाळवतात. पेटीतल्या तुकड्यांवर ती तासणी अर्धवट झालीय. उपाय आहे: प्यूमिस या सच्छिद्र दगडाच्या बारीक पुडीने गोल गोल घासा, मग खडूची पूड चोळून झटका. शाई तरीही पसरली तर पुन्हा घासा. पिवळसर, रोमछिद्रं दिसणारी बाजू केसांची, पांढरट बाजू मांसाची. वही शिवणार असाल तर समोरासमोरच्या पानांवर एकाच जातीची बाजू येऊ द्या, नाहीतर उघडलेली जोडी दोन रंगांची दिसते. लेखनिक हे कटाक्षाने पाळत.

जूनमध्ये हे तुकडे पापडासारखे वळतात. तो दोष पेटीचा नाही, कातडं हवेतलं पाणी पितंच. जुन्या ग्रंथांना लाकडी पुठ्ठे आणि धातूच्या कड्या असत त्या यासाठीही. दोन प्लायच्या मध्ये वजनाखाली ठेवा.

सोनं मात्र निव्वळ फसवणूक आहे. ती पानं पितळी आहेत, जाड आहेत आणि फुंकरीने चिकटत नाहीत. मूळ पद्धत अशी: अक्षराच्या जागी प्लास्टर, सरस आणि साखरेचा उंचवटा करून सुकवायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि त्या ओलाव्यावर खरं सोनं बसवायचं. जुन्या मिश्रणात शिसाचा पांढरा रंगही असे. तो विषारी; पेटीत तो नाही, हे शहाणपणाचंच. मिठाईवाल्यांकडचा सोन्याचा वर्ख आणा. तो फार पातळ असतो, म्हणून दोन थर द्या. चांदीचा नको, काळा पडतो. काम डिसेंबर-जानेवारीत करा. भर पावसाळ्यात उंचवटा ओलाच राहतो आणि घोटताना सोन्यासकट उखडतो. अकीक मात्र गुळगुळीत आणि चांगला आहे.

पुस्तिकेतला कित्ता सगळा कॅपिटल गॉथिक अक्षरांत आहे. तसं लिहिलेलं त्या काळच्या माणसालाही वाचता आलं नसतं. गॉथिक लिहायचंच तर छोटी अक्षरं, उंची टोकाच्या रुंदीच्या पाचपट, टोक ओळीशी ४५ अंशांत. त्याआधी ८०० सालच्या सुमाराची कॅरोलिन लिपी गिरवा, ३० अंशांत. हात लवकर बसतो आणि आज छापली जाणारी छोटी रोमन अक्षरं तिच्याच वंशातली आहेत. ‘सगळे ग्रंथ मठातच लिहिले जात’ हे पुस्तिकेतलं वाक्यही खोडा. १३व्या शतकात पॅरिस आणि बोलोन्यात विद्यापीठाशी बांधलेले दुकानदार ग्रंथाचे सुटे भाग नकलायला भाड्याने देत. त्यांना स्टेशनारियस म्हणत, एका जागी दुकान मांडून बसणारा. ही पेटी ज्या ‘स्टेशनरी’च्या दुकानात मिळते, ते नाव त्यांच्यापासून आलंय.

दुकानदार पेटी फोडून देत नाही. पिसांची सुटी जुडी तेवढी मिळते. तेवढीच घेऊन मायफळ आणि डिंक काष्ठौषधीच्या दुकानातून, हिराकस प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडून आणली तरी शाईचं काम होतं. पेटीच घेतलीत तर गल्ल्यावरच हिराकशीची पुडी उघडून बघा. रंग फिकट हिरवा हवा. तपकिरी-पिवळी पडली असेल तर तिला हवा लागलीय, बदलून मागा.