हीरोक्वेस्टवर स्पीडपेंट 2.0: ऑर्कना शोभतो, फर्निचरला नाही

हीरोक्वेस्ट या बोर्डगेमचा खोका उघडला की रंगवायला समोर येतात 4 नायक, 31 राक्षस आणि फर्निचरचे 15 नग, दारं वेगळीच. मूळ खेळ 1989 चा, मिल्टन ब्रॅडलीने गेम्स वर्कशॉपच्या साथीने काढलेला. इथे विचार केलाय तो ॲव्हलॉन हिलच्या 2021 च्या आवृत्तीचा, आणि हा सगळा पसारा आर्मी पेंटर या रंगांच्या कंपनीच्या स्पीडपेंट 2.0 वर निभतो का, याचा. राक्षसांवर हा रंग अप्रतिम बसतो. फर्निचरवर तो घालूच नये.

स्पीडपेंट म्हणजे पातळ, पारदर्शक ॲक्रिलिक. फिकट प्रायमरवर, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थरावर, एकच हात दिला की उंचवट्यांवरून ओघळतो आणि खाचांत साचतो. उजेड आणि सावली एकदमच मिळते. 2022 मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत मोठी खोट होती: वाळलेला थर ओल्या ब्रशने पुन्हा सुटायचा आणि वरच्या रंगात मिसळायचा. हिरव्या कातडीवर पांढरे दात काढावेत, तर दातही हिरवट. 2.0 मध्ये हे दुखणं गेलंय, म्हणून आता वरून साध्या ॲक्रिलिकने दात, पट्टे, बकल बिनधास्त काढता येतात.

रंगाआधीच्या तयारीत मात्र घाई नको. या मिनी, म्हणजे खेळातल्या छोट्या मूर्ती, मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या आहेत. वाकलेली तलवार किंवा भाला खूप गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात 20-30 सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. मग भांडी घासायच्या लिक्विडने जुन्या टूथब्रशने धुऊन रात्रभर वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकटपणा राहिला तर प्रायमर सोलून निघतो. साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उंच रेघ, पॉलिश पेपरने घासू नका, पीव्हीसीला त्याने केसाळ धागे सुटतात. नवं ब्लेड लावून पातळ काप काढा. साध्या रंगाखाली शिवण एखादवेळी लपतेही; स्पीडपेंट तिच्या कडेला साचतो आणि ती गडद रेघ होऊन डोळ्यांवर येते.

प्रायमरचा खरा धोका स्प्रेत आहे. काही स्प्रे पीव्हीसीवर नीट वाळतच नाहीत, आठवडे उलटले तरी मिनी बोटाला चिकटते. डब्यात फर्निचरला लावायचे उंदीर आहेत, चाचणी आधी त्यातल्या एकावर करा. शिवाय मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने स्प्रेचा थर पांढुरका, खरखरीत पडतो. त्या दिवसांत व्हॅलेहोचा ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन प्रायमर घ्यावा: दोन पातळ हात, मग 24 तास हात लावायचा नाही. आधी काळा प्रायमर, त्यावर राखाडीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश नुसत्या उंचवट्यांवरून फिरवणं), शेवटी फक्त वरून पडणाऱ्या उजेडाच्या दिशेने पांढऱ्याचा. हाच ‘स्लॅपचॉप’. ड्रायब्रशचा पांढरा सढळ हाताने द्या. कंजूषी केली तर वरचा रंग मळकट दिसतो.

आता हिरव्या कातडीचे राक्षस, म्हणजे 8 ऑर्क आणि 6 गॉब्लिन, एका बैठकीत घ्या. बाटली मिनिटभर जोरात हलवा, रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं. ब्रश भरून रंग घ्या, पण एका वेळी एकच भाग पुरा करा: एक हात, मग छाती, मग चेहरा. हनुवटीखाली किंवा पायाशी थेंब जमला तर पहिल्या मिनिटाभरात स्वच्छ, किंचित ओल्या ब्रशने शोषून घ्या. अर्धवट वाळलेल्या थरावर परत फिरलात की तो फाटतो आणि डाग कायमचा राहतो. फिका करायचा असेल तर स्पीडपेंट मीडियम, म्हणजे त्याच रंगाचं बिनरंगी द्रव, तेच घाला. जास्त पाण्याने रंगाचा ओघ मोडतो आणि कडेला वर्तुळं उमटतात.

सांगाडे आणि ममी हा या रंगाचा सर्वांत सोपा विजय. ‘पॅलिड बोन’ या हाडाच्या छटेच्या स्पीडपेंटचा एक हात, आणि फासळ्या, पट्ट्यांच्या घड्या आपोआप उठून येतात. एवढ्या चेहऱ्यांवर डोळ्यांची आखणी करत बसू नये. खोबणीतली सावली पुरते.

ड्रेड वॉरियर्स या चार चिलखतधारी राक्षसांच्या चिलखतावर गाडी अडते. तिथे काळ्यावर साध्या चंदेरी रंगाचा ड्रायब्रश द्या आणि वरून ‘ग्रिम ब्लॅक’ हा काळा स्पीडपेंट एक भाग, मीडियम तीन भाग. चिलखत जड आणि जुनं दिसतं.

फर्निचर का बिघडतं? टेबल, कपाट, थडगं यांचे पृष्ठभाग सपाट. रंगाला ओघळायला जागा नसते, तो मध्येच तळं करून वाळतो. लाकडासाठी गडद तपकिरी बेस, त्यावर मध्यम तपकिरी आणि शेवटी खाकी, दोन्ही कोरड्या ब्रशने, लाकडाच्या रेषांना आडवे. ब्रश टिश्यूवर इतका पुसा की बोटावर जेमतेम धूळ उठेल. कॅमलच्या ट्यूबमधलं ॲक्रिलिक या कामाला उत्तम चालतं, महागडी बाटली इथे वाया घालवू नका. थडग्याला काळा, गडद राखाडी, फिकट राखाडी आणि कोपऱ्यांत हिरवट वॉश, म्हणजे खाचांत साचणारा पातळ रंग.

स्पीडपेंटला इथे कोपरे ठेवा: किमयागाराच्या टेबलावरच्या बाटल्या, पुस्तकांचे कणे, शेकोटीतली आग. आग रंगवताना बहुतेकांचं उलटं होतं. जाळ मुळाशी सर्वांत उजळ असतो, म्हणून खोलात पांढरट पिवळा, मग नारिंगी, आणि लाल फक्त टोकांना.

या मिनी खेळताना सतत हाताळल्या जातात आणि स्पीडपेंटचा थर पातळ, त्यामुळे टोकांवरून आधी झिजतो. मॅट पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन पातळ हात ब्रशने द्या. बाटली नीट हलवली नाही तर काळ्या कपड्यांवर पांढरी झाक येते.

मोठा संच या एका खेळासाठी गरजेचा नाही. एक हिरवा, पॅलिड बोन, ग्रिम ब्लॅक, एक कातडी तपकिरी, माणसाच्या त्वचेचा एक, लाल, निळा आणि मीडियम एवढ्या 18 मिलीच्या आठ बाटल्यांत, आगीचा पिवळा-नारिंगी सोडला तर, नायकांसकट सगळं होतं. आठ ऑर्कची त्वचा झाली तरी हिरव्याची पातळी फारशी उतरत नाही. घेताना लेबलवर ‘2.0’ छापलंय का ते बघा. हाताशी पहिल्या आवृत्तीची बाटली असेल तर टाकून देऊ नका. ती मिनीवरचा सर्वांत शेवटचा रंग म्हणून वापरा आणि तिच्यावर ब्रशने व्हार्निश लावू नका, स्प्रेच मारा.