गुलाल की हासिल? कॉलेजातला अंधार बघायचा असेल तर आधी कुठला लावावा

गुलालबद्दल विचारलंत तर लोक एकदम दोन टोकांना जातात. एक जण म्हणतो असा सिनेमा हिंदीत पुन्हा झाला नाही, दुसरा म्हणतो सगळा गोंधळ आहे, शेवटी कोण कुणाला का मारतंय तेच कळेना. हासिलबद्दल एवढी भांडणं होत नाहीत, ज्यांनी बघितलाय त्यांना तो बहुतेक आवडलेलाच असतो. मग हासिल जास्त चांगला का? मला तसं वाटत नाही, पण आधी कुठला बघायचा याचं माझं उत्तर मात्र हासिल असंच आहे.

दोन्हीत विषय एकच, विद्यार्थी निवडणूक, गुंडगिरी आणि त्यात सापडलेला एक साधा पोरगा. हासिल २००३ चा, तिग्मांशू धुलियाचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, आणि तो स्वतः अलाहाबादचा, तिथल्याच विद्यापीठात शिकलेला, त्यामुळे हॉस्टेल, तिथली भाषा, पुढाऱ्याच्या मागे फिरणारी पोरं, सगळं आतून माहीत असल्यासारखं येतं. गुलाल २००९ चा, अनुराग कश्यपचा, राजस्थानातल्या राजपूर नावाच्या काल्पनिक गावात घडणारा. तिथे निवडणूक नुसती कॉलेजपुरती नाही, तिच्यामागे वेगळ्या राजपुतान्याचं, म्हणजे राजपुतांच्या स्वतंत्र राज्याचं, स्वप्न घेऊन बसलेला दुकी बना आहे, म्हणजे के के मेनन, आणि त्याला पोरं हवीत, पैसा हवाय, बंदुका हव्यात.

हासिल बघायला सोपा आहे कारण त्याला गोष्टीचा कणा आहे. जिमी शेरगिलचा अनिरुद्ध, हृषिता भट्टची निहारिका, त्यांचं प्रेम, आणि मधे इरफानचा रणविजय सिंग. हा माणूस आधी मित्रासारखा जवळ येतो, मदत करतो, हसवतो, तुम्हाला आवडायला लागतो आणि मग हळूहळू लक्षात येतं की याला निहारिका हवीये आणि याला नाही म्हणायची कुणाची टाप नाही. इरफानला यासाठी खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं ते अगदी योग्यच. आशुतोष राणा समोर असताना तो सगळा पडदा खाऊन टाकतो, हे काय सोपं काम आहे का! तक्रार एकच, शेवटाकडे कुंभमेळ्यात पाठलाग सुरू झाला की सिनेमा नेहमीच्या हिंदी वाटेवर जातो, हिरो, व्हिलन, हिशोब पूर्ण. ज्यांना असा नीट बंद होणारा शेवट लागतो त्यांना तोच भाग आवडतो आणि त्यात काही चूक नाही.

गुलाल असा काहीच दिलासा देत नाही. दिलीप लॉ शिकायला येतो आणि सुरुवातीलाच त्याचं रॅगिंग होतं, कपडे काढून कोंडतात, आणि त्याच खोलीत तशाच अवस्थेत कॉलेजातली एक नवीन शिक्षिका असते. हा प्रसंग बघताना पोटात ढवळतं. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की एवढं दाखवायची गरजच नव्हती. मला वाटतं गरज होती, कारण पुढचा सगळा सिनेमा त्या खोलीतून निघतो. अपमान झालेला पोरगा कुणाच्याही मागे जायला तयार होतो, जो कुणी त्याला पुन्हा ताठ उभं राहायला शिकवेल त्याच्या मागे, आणि दुकी बनाला अशीच पोरं लागतात. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ सालीच कायदा झालाय, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कडक नियम तर गुलाल आला त्याच वर्षी, २००९ मध्ये आले, म्हणजे दिग्दर्शकाने सनसनाटीसाठी काहीतरी उगाच रचलंय हा आरोप मला अजिबात पटत नाही.

पण नावडलेल्यांचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. मध्यंतरानंतर माणसं खूप होतात, धागे सुटतात, राजपुतान्याची चळवळ नुसती भाषणात राहते. बायकांच्या भूमिकांचं तर खरंच वाईट वाटतं. कॉलेजच्या निवडणुकीत उभी राहणारी किरण आपल्या फायद्यासाठी पुरुषांना वापरते एवढंच दिसतं, ती अशी का झाली ते जेमतेम स्पर्शून सोडून दिलंय, आणि त्या शिक्षिकेवर एवढं भयंकर घडूनही सिनेमा तिच्याकडे फारसा वळून बघत नाही. दिलीपचं दुःख आपल्याला तासभर दाखवतात, तिचं का नाही? हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

तरी गुलाल डोक्यातून जात नाही याचं मोठं श्रेय पीयूष मिश्राला. गाणी त्याची, संगीत त्याचं, आणि दुकी बनाचा वेडसर भाऊ पृथ्वी बना पण तोच. 'आरंभ है प्रचंड' हल्ली लोक जोश आणायला लावतात, पण सिनेमात ते कुणाच्या सभेत आणि कशासाठी वाजतं ते बघा, अंगावर काटा येतो तो वेगळ्याच कारणाने.

आता तुमचं. गोष्ट हवी असेल, घरच्यांबरोबर बसायचं असेल, हिंसा चालेल पण जीव गुदमरायला नको असेल तर हासिल लावा. आपल्याकडे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंदच झाल्या, त्यामुळे ज्यांनी ते वातावरण कधी पाहिलेलंच नाही त्यांना हासिलमधून ते पटकन कळतं, आणि मग गुलालमधली नाती लावायला इतका त्रास होत नाही. गुलाल एकट्याने, फोन बाजूला ठेवून, सलग बघायचा सिनेमा आहे, तुकड्या-तुकड्यात बघितलात तर तुम्ही पण कळेना म्हणणाऱ्यांतच जाल. आणि रॅगिंग स्वतः सोसलं असेल तर सुरुवातीचा तो भाग सरळ पुढे ढकला, काय घडलं ते नंतरच्या संवादांतून समजतंच.