मर्लिन अ‍ॅप: आठ महिने सकाळच्या फेरीत वापरल्यावर

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं हे अ‍ॅप फुकट आहे. २०२१ साली त्यात आलेली 'साउंड आयडी' म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय, रोज चालणाऱ्यांसाठी अ‍ॅपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. भारताचा पॅक, म्हणजे इथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच, घरीच वायफायवर उतरवून घ्या, मग टेकडीवर नेटची गरज उरत नाही. लोकेशन मात्र चालू ठेवा. त्या भागात, त्या दिवसांत कोणते पक्षी असतात हे अ‍ॅप त्यावरूनच ठरवतं.

चालता चालता रेकॉर्डिंग करू नका. वाळल्या पानांवरची पावलं आणि कपड्याची घासण आवाज झाकून टाकतात. थांबा, फोनची खालची कड पक्ष्याकडे करा (मुख्य माइक तिथेच असतो), त्यावर बोट येऊ देऊ नका आणि एक मिनिट गप्प उभे राहा. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे. ब्लूटूथ इअरबड आधी तोडा. फोनने त्यांचा माइक घेतला तर आवाज बोलण्यापुरताच टिपला जातो आणि बारीक, उंच शीळ गळून जाते.

रस्त्यालगत अ‍ॅपकडून हमखास हुकतात ते भारद्वाज आणि होले. त्यांचा घुमणारा स्वर खालच्या पट्टीतला, गाड्यांची घरघरही तिथलीच. शिंपी किंवा सुभग मात्र त्याच गोंगाटात नीट सापडतात. म्हणून पुण्यात वेताळ टेकडीवर उजाडताना एका मिनिटात जे मिळतं, ते खाली रस्त्यावर दहा मिनिटांतही मिळत नाही.

यादीवर डोळे मिटून विश्वास नको. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. शिक्रा दाखवला, तर आधी तारेवर दुभंगल्या शेपटीचा काळा पक्षी बसलाय का ते बघा. नावाला टिचकी मारली की नमुन्याचे आवाज मिळतात, ते ताडून पाहा, पण कानाशी धरून. विणीच्या दिवसांत स्पीकरवर आवाज लावला की नर हद्द राखायला धावत येतो आणि त्याचं चरणं, पिलांना भरवणं राहून जातं. हे अजिबात करू नये.

फाइल वेव्ह प्रकारात साठते, मिनिटाला पाच-सहा एमबी. आठवड्याला झाडून काढली नाही तर फोन भरतो.

खरा फायदा हवा असेल तर आधी स्वतः नाव ठरवा, मग स्क्रीन बघा. पहिल्या महिन्यात साळुंकी आणि दयाळ यांत गफलत होते, तिसऱ्यापासून कमी होते. 'किक्-किक्-किक्' असा कर्कश गलका कोकिळेच्या मादीचा, हे बहुतेकांना असंच कळतं. आणि स्क्रीनवर सरकणारं आवाजाचं चित्र जरूर बघा. तांबटाचे ठोके एका ओळीत, सारख्या अंतरावर उमटतात. पावसाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' सुरू करतो, तेव्हा प्रत्येक हाक आधीच्या हाकेहून थोडी वर चढते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर गप्प होते.