अकरा वर्षांची, कमी चाललेली गाडी आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचे बिल

आमची गाडी म्हणजे २०१४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली लहान पेट्रोल हॅचबॅक. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती वार्षिक सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मीटरवर ३१,४०० किलोमीटर झाले होते, म्हणजे सरासरी वर्षाला तीन हजारांच्याही आत. मंडई, दवाखाना, लग्नकार्ये आणि वर्षातून एखादी साताऱ्याची फेरी, एवढाच तिचा संसार. उरलेले दिवस ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. अशी गाडी पुण्यातील बायपासलगतच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर काय झाले, किती पैसे मागितले गेले आणि किती द्यावे लागले, याचा हा वृत्तान्त आहे. सेंटरचे व कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. मित्रमंडळींनी आपापली बिले दाखवली, तेव्हा कंपन्या वेगळ्या असूनही बिलांची घडण तीच दिसली.

फोनवर वेळ ठरवताना खर्च विचारला, तर "साडेसहा-सात हजारांच्या आसपास" असे उत्तर मिळाले. प्रत्यक्ष काउंटरवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची नोंद, उघडले आणि दहा मिनिटांत जे एस्टिमेट हाती ठेवले त्याची बेरीज, जीएसटीसह, २२,०५० रुपये होती. मुलगा अत्यंत नम्र होता, काका-काका करून बोलत होता, आणि त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. मी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा तो म्हणाला, "काका, गाडीचं वय बघून सिस्टिम मोठी सर्व्हिस सुचवते." सिस्टिमने गाडीचे वय पाहिले होते हे खरे, पण तिचे चालणे पाहिले नव्हते.

येथे गाडीसोबत मिळणारी पुस्तिका कामी आली. तिच्यात देखभालीचा तक्ता असतो आणि त्याच्या डोक्यावर बहुधा "किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते" असे वाक्य असते. मात्र तक्ता नीट वाचला तर हे वाक्य प्रत्येक ओळीला लागू नसते. काही वस्तू नुसत्या उभ्या राहूनही खराब होतात, तर काही केवळ वापराने झिजतात. इंजिन ऑइल पहिल्या प्रकारातले आहे. किंबहुना कमी चालणाऱ्या गाडीत त्याचे हाल अधिक होतात, कारण दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापतच नाही आणि आत जमणारी बाष्पाची ओल व न जळालेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये राहून जातो. त्यामुळे "गाडी तीनच हजार चालली, यंदा ऑइल राहू दे" असे म्हणणारे आमच्या सोसायटीतले दोन-तीन सभासद पैसे वाचवत नसून इंजिनाचे आयुष्य खर्ची घालत आहेत. ब्रेक फ्लुइडचेही तसेच. ते हवेतील ओलावा शोषून घेते, त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलणे इष्ट असते. मी विचारल्यावर तंत्रज्ञाने पेनासारखे परीक्षक यंत्र टाकीत बुडवून लाल दिवा दाखवला. असा पुरावा समोर ठेवला की वाद उरत नाही, आणि ती ९२० रुपयांची नोंद मी तत्काळ मान्य केली.

याउलट स्पार्क प्लग आणि गिअर ऑइल यांच्यापुढे आमच्या पुस्तिकेत केवळ किलोमीटर दिलेले आहेत आणि आमची गाडी त्या आकड्यांच्या जवळपासही पोहोचलेली नाही. तरी प्लगचे ८४० आणि गिअर ऑइलचे १,३५० रुपये एस्टिमेटमध्ये होतेच. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हा मधला प्रकार. ते वेळेनुसार बदलावे लागते, पण आमच्या गाडीत २०२१ मध्ये ते नव्याने भरले होते, याच सेंटरच्या नोंदीत ते लिहिलेले होते, आणि पुस्तिकेप्रमाणे त्याची मुदत २०२६ मध्ये संपते. अ‍ॅडव्हायझरने स्वतःच्याच संगणकावर मागची पाने उलटली असती तर हे १,०५० रुपये त्यालाच खोडता आले असते. एअर फिल्टर काढून दाखवायला सांगितला. तो मळला होता, पण भरलेला नव्हता, म्हणून हवेने झटकून पुन्हा बसवला. एसीचा फिल्टर मात्र काळा पडला होता आणि त्याला कुबट वास येत होता, तेव्हा ६२० रुपयांची ती नोंद ठेवली.

एस्टिमेटमधील खरे नाट्य पुढच्या सहा ओळींत होते. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) क्लीनिंग १,२९०, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे) ५९०, पेट्रोलमध्ये टाकायचे अ‍ॅडिटिव्ह ४९०, एसी डिसइन्फेक्शन १,१५०, अंडरबॉडी कोटिंग ३,८९० आणि उंदीर-प्रतिबंधक फवारा ६५०. यांची बेरीज ८,०६० रुपये, म्हणजे एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. यांतील एकाही कामाचा पुस्तिकेच्या तक्त्यात उल्लेख नाही. सेंटरच्या भाषेत यांना व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस म्हणतात. ही सगळी कामे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. इंजिन उभ्या जागी थरथरत असेल, आरपीएमचा काटा नाचत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करावीच लागते आणि लहान फेऱ्यांच्या गाड्यांत तेथे काजळी धरतेही. आमची गाडी मात्र निवांत गुरगुरत होती. अंडरबॉडी कोटिंग रत्नागिरीत किंवा पणजीत राहणाऱ्याने, ज्याच्या गाडीला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस दोन्ही लागतात, जरूर करून घ्यावे. पुण्यात छपराखाली उभ्या असणाऱ्या गाडीचा तळ लिफ्टवर चढवून पाहिला तेव्हा सायलेन्सरच्या जोडावर थोडा तांबेरा सोडल्यास तो कोरडा आणि स्वच्छ होता.

अ‍ॅडिटिव्हचे समर्थन करताना अ‍ॅडव्हायझरने २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा हवाला दिला. मुद्दा पोकळ नव्हता. इथेनॉल ओलावा धरते, आमची गाडी या इंधनासाठी बनवलेली नाही, आणि पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशातच काही जुन्या गाड्यांचे ठरावीक रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात असे म्हटले आहे. पण मग बाटली ओतण्यापेक्षा ते रबरी भाग तपासणे हा त्यावरचा सरळ उपाय नव्हे काय? तसे मी सुचवले, आणि पेट्रोलचे होज पाइप व त्यांचे जोड पाहून घेतले गेले. ते ठीक होते. हे काम कोणत्याही ओळीत नव्हते आणि त्याचे पैसेही लागले नाहीत.

उंदरांविषयी मात्र मी थोडा हळवा आहे. उभ्या गाडीचा खरा वैरी उंदीर. मागच्या पावसाळ्यात त्यांनी एका सेन्सरची वायर कुरतडली होती आणि तो खर्च अजून आठवतो. तरीही ६५० रुपयांचा फवारा नाकारला, कारण तसाच डबा बाजारातून आणून आम्ही घरीच वापरतो आणि त्याचा वास जाईपर्यंतच उंदीर त्याला मान देतात.

बॅटरीचा प्रसंग स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. दुपारी फोन आला की बॅटरी कमजोर आहे, बदलावी लागेल, ५,९०० रुपये. बॅटरी तीन वर्षांची होती. मी परीक्षणाची छापील पट्टी मागितली. तिच्यावर दोन वेगळे निष्कर्ष होते. बॅटरीची प्रकृती चांगली होती, चार्ज मात्र कमी होता. आठ-आठ दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते, कारण घड्याळ, अलार्म, लॉक यांचा थेंब-थेंब वापर चालूच असतो आणि मंडईपर्यंतच्या फेरीत ती पुन्हा भरून निघत नाही. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. रात्रभर चार्जरला लावून गाडी दुसऱ्या दिवशी द्या, असे सांगितले. त्यानंतर आजतागायत ती एका सेल्फमध्ये सुरू होते.

आता लेबरविषयी, कारण माझी मुख्य नाराजी तेथे आहे. मोठ्या सर्व्हिसचे लेबर २,९५० रुपये लावले होते. प्लग, गिअर ऑइल, कूलंट ही कामे रद्द झाल्यावरही तो आकडा हलला नाही. लेबर ताशी मोजले जात नाही, मॉडेल आणि सर्व्हिसचा प्रकार यांवर ते आधीच ठरलेले असते, आणि प्रकार बदलायला अ‍ॅडव्हायझर तयार नव्हता. जी कामे होणारच नाहीत त्यांची मजुरी कशाची, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. वर्क्स मॅनेजरकडे गेल्यावर जॉब कार्ड लहान सर्व्हिसचे करण्यात आले आणि लेबर १,९८० वर आले. हे न मागता व्हायला हवे होते. जो ग्राहक कामे कमी करून समाधानाने घरी जातो, तो न झालेल्या कामांची मजुरी भरून जातो.

अखेरीस ऑइल २,२४०, ऑइल फिल्टर व वॉशर २१०, एसी फिल्टर ६२०, ब्रेक फ्लुइड मजुरीसह ९२०, ब्रेक काढून साफ करणे १,१५०, वायपर ७६०, कन्झ्युमेबल्स (कामात खर्ची पडणारा किरकोळ माल) २४० आणि लेबर १,९८०, असे ८,१२० रुपये दिले. ब्रेकच्या सफाईला मी खळखळ केली नाही. उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या (डिस्कला आवळणाऱ्या ब्रेकच्या पकडीच्या) पिना धरतात, आणि पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक चाकाला चिकटून बसल्याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. वायपरचे रबर उन्हाने मेले होते. काम चोख झाले होते. ऑइलची पातळी बरोबर होती, जुना फिल्टर पिशवीत घालून परत दिला, आणि ब्रेकचा किरकिराट गेला. कारागिरीच्या बाबतीत सेंटर उत्तम आहे, हे निःसंकोच लिहितो.

हीच कामे आमच्या गल्लीतला गॅरेजवाला किती रुपयांत करतो, याची चौकशी केली. कंपनीचेच सुटे भाग छापील किमतीला आणून, ब्रेकची सफाई धरून, त्याने ५,६६० रुपये सांगितले. फरक २,४६० रुपयांचा, आणि तो बहुतेक सगळा मजुरीतला. अस्सल सुटे भाग असे बाहेर मिळणे एकेकाळी इतके सोपे नव्हते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये, योगायोगाने आमची गाडी आली त्याच वर्षी, खुल्या बाजारात सुटे भाग मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, पण गॅरेजवाल्याला अस्सल भाग मिळालाच पाहिजे, ही भूमिका त्या आदेशाने स्पष्ट केली.

मग आम्ही अधिकृत सेंटरलाच का जातो? वॉरंटी केव्हाच संपली आहे, तेव्हा ते कारण नाही. कारण आहे मीटर. अकरा वर्षांच्या गाडीवर ३१ हजारांचा आकडा दिसला की विकत घेणाऱ्याला पहिली शंका येते ती मीटर मागे फिरवल्याची. अधिकृत सेंटरच्या संगणकात दरवर्षीचे किलोमीटर तारखेसह नोंदलेले असतात, आणि त्या शंकेला तेवढेच एक ठाम उत्तर आहे. वरचे अडीच हजार रुपये मी त्या नोंदीची किंमत समजतो. ज्यांना गाडी विकायचीच नाही, शेवटपर्यंत वापरायची आहे, त्यांनी हे पैसे भरण्याचे कारण मला दिसत नाही. विश्वासाचा गॅरेजवाला त्यांना पुरेसा आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात अधिक खटकली. बावीस हजारांच्या त्या एस्टिमेटमध्ये १,१८० रुपयांचे व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग, म्हणजे चाकांची दिशा व तोल जुळवणे, होते, पण ज्या टायरांवर ते करायचे त्यांच्याविषयी एक अक्षर नव्हते. टायर गाडीसोबत आलेले, मूळचे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर ३४१४ होते, म्हणजे २०१४ चा चौतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून पाहणाऱ्याला ते नवे वाटत, मात्र रबर दगडासारखे कडक झाले होते आणि कडेला केसाएवढ्या भेगा होत्या. तपासणीच्या यादीत "टायर: ठीक" अशी खूण होती, कारण तपासणी नक्षीच्या खोलीची होते, वयाची नव्हे. जी गाडी चालत नाही तिचे टायर झिजत नाहीत, ते म्हातारे होतात. अलाइनमेंट रद्द केले, साताऱ्याची फेरी पुढे ढकलली, आणि पुढच्या आठवड्यात टायरच्या दुकानातून चारही टायर बदलून तेथेच अलाइनमेंट करून घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, तेवढाच दिलासा.

गाडी ताब्यात देताना अ‍ॅडव्हायझर म्हणाला होता, "काका, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझ्या पगारावर येतं." फोन आला. मुलाला दहा दिले आणि एस्टिमेटला चार, पण फोनवरच्या बाईंनी सांगितले की त्यांच्याकडे एकच रकाना आहे.