२५० घ्यावी की ३००? खानदेशातल्या फोटोवाल्यांसाठी टेलिफोटो झूमचा हिशेब

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स एकदा हतनूर धरणाच्या पाण्यावर रोखून पाहिली, की माणूस दुसऱ्या लेन्सच्या शोधाला लागतो. दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. एकावर ७५-३०० लिहिलेलं, दुसऱ्यावर ५५-२५०; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. पहिली स्वस्त आणि तिचा आकडाही मोठा, मग हात तिकडेच जाणार. माझं मत उलटं आहे. मात्र काही ठिकाणी ते लागू पडत नाही, म्हणून आपल्याकडच्याच जागा धरून हिशेब मांडतो.

कॅननची ७५-३०० (तिसरी आवृत्ती) १९९९ पासूनची. वजन ४८० ग्रॅम, आणि हात हलला तर सावरून घेणारं आत काही नाही. ५५-२५० आयएस एसटीएम २०१३ची, वजन ३७५ ग्रॅम. एसटीएम म्हणजे फोकसची स्टेपिंग मोटर, आयएस म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन. निकॉन त्यालाच व्हीआर म्हणते, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. नावं चार, काम एक. लेन्समधले जायरो सेन्सर हाताची थरथर मोजतात आणि भिंगांचा एक गट विद्युतचुंबकाच्या जोरावर उलट दिशेला सरकतो. त्यामुळे सेन्सरवरची प्रतिमा जागची हलत नाही. शटरचं बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं नाचणारं चित्र एकदम थांबतं. हे पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास पुन्हा एकदा दाबून बघतो.

एसएलआर कॅमेऱ्याच्या बदलत्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आली ती १९९५ साली, कॅननच्याच एका ७५-३०० मध्ये. त्याच आकड्यांची स्वस्त लेन्स मात्र अजूनही तिच्याविना मिळते. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी २०२५ मध्ये आलेल्या ७५-३०० मध्येही आयएस नाही. म्हणून डब्यावर आकड्यांच्या पुढे काय लिहिलंय ते वाचायचं.

आता आकड्याचा मोह. २५० आणि ३०० यांत अंतर फक्त ५० मिलिमीटरचं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २५० ने फोटो काढा आणि नंतर ३०० च्या चौकटीएवढा कापा, तरी १६ मेगापिक्सेलच्या वर उरतात. पंचायतीच्या फ्लेक्सवर लावा, कोणाला फरक कळणार नाही. उलट ७५-३०० पूर्ण लांब केली की एफ ५.६ वर (एफ म्हणजे लेन्सची उघडीप, आकडा लहान तेवढा उजेड जास्त) चित्र मऊ पडतं, कडा तर आणखी. वरून हात हलला की ते जास्तीचे ५० मिलिमीटर गेलेच.

हात किती हलतो याचा जुना ठोकताळा असा : जेवढी फोकल लेंग्थ (डब्यावरचे मिलिमीटर), सेकंदाच्या निदान तेवढ्याव्या भागाएवढा शटर स्पीड हवा. कॅननच्या साध्या बॉडीवर सेन्सर लहान असतो, तेव्हा १.६ ने गुणायचं. ३०० चे ४८० होतात, म्हणजे १/५०० च्या खाली उतरायचं नाही. ५५-२५० चं आयएस साडेतीन स्टॉपचं; एक स्टॉप म्हणजे उजेड किंवा वेळ दुप्पट वा निम्मा. २५० चे ४०० होतात, तिथून साडेतीन स्टॉप खाली आलो, तर कागदावर १/३५ च्या आसपास पोचतो. कागदावरचं सोडून द्या, मी १/६० धरून चालतो. तेवढं धरलं तरी १/५०० पासून तीन स्टॉप वाचतात. जिथे स्टॅबिलायझेशन नसलेली लेन्स आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना, वाढवली की चित्रात दाणे येतात) ३२०० मागते, तिथे ही ४०० वर भागवते. सूर्य डोंगराआड गेल्यावर हे तीन स्टॉप म्हणजे फोटो असणं आणि नसणं.

पण ही सगळी मदत फक्त तुमच्या हाताला आहे. समोरचा हलत असेल तर आयएसला त्यात काही करता येत नाही. या एका गोष्टीवर अर्धा निर्णय होतो, आणि इथेच लोक फसतात : आयएसवाली लेन्स घेतली म्हणजे नाचणारं पोरही शार्प येईल, असं धरून चालतात.

तोरणमाळकडचं सागाचं जंगल घ्या. रानपिंगळा हा इथला मानकरी पक्षी. १८८४ नंतर त्याचा खात्रीशीर नमुना कोणाला मिळाला नव्हता, तो संपलाच असं मानत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला. इतर पिंगळ्यांच्या मानाने हा दिवसा बराच बाहेर असतो आणि उघड्या फांदीवर एका जागी बराच वेळ बसतो. बसलेला पक्षी, झाडांच्या सावलीतला अपुरा उजेड आणि ट्रायपॉड लावायला सपाट जागा नाही, अशा वेळी स्टॅबिलायझेशन पुरेपूर वसूल होतं. १/८० वर सात-आठ फोटो ओळीने घ्या, त्यात दोन-तीन चोख निघतात. आयएस नसलेल्या लेन्सने तेच करायला गेलात तर आयएसओ चढवत जावं लागतं आणि पिसांवरचे ठिपके दाण्यांत मिसळून जातात. २५० मध्ये एवढासा पक्षी लहानच दिसतो, हे खरं. म्हणून पुढे पुढे सरकू नका, फ्लॅश तर नकोच, आणि घरटं सापडलं तर त्याची जागा ग्रुपवर टाकू नका.

यावल अभयारण्यात किंवा पाटणादेवीला सकाळी सातला गेलात तरी गणित हेच. माकड, भेकर, देवळाच्या खांबावरची नक्षी यातलं काहीही असो, बसलेलं-थांबलेलं असेल तर ५५-२५० ला तोड नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत मात्र पारडं फिरतं. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी घोडेबाजार भरतो, घोड्यांची चाल बघायला लोक गर्दी करतात. डिसेंबरचं दुपारचं ऊन लख्ख असतं. आयएसओ २०० ठेवला तरी एफ ५.६ ला १/१००० सहज मिळतो, आणि घोडा गोठवायला तेवढा लागतोच. त्या वेगाला हाताची थरथर फोटोत उतरत नाही, म्हणजे आयएस चालू असलं काय नि बंद असलं काय. इथे ७५-३०० ला खरं तर बरोबरीची संधी होती, पण ती फोकसमध्ये मार खाते. तिची जुनी मोटर घरघरत जागा शोधते, तोवर घोडा चौकटीबाहेर. एसटीएमची मोटर चपळ आहे, आवाजही जवळपास करत नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये. स्टॅबिलायझेशनविना २५०-३०० वर हातात धरून काढलेला व्हिडिओ बघणाऱ्याला मळमळ होते.

घोड्यासोबत कॅमेरा फिरवून मागची गर्दी पुसट करायची असेल, तर १/६० च्या आसपास यावं लागतं. काही लेन्सवर आयएसचे दोन मोड असतात. दुसऱ्या मोडमध्ये आडवी हालचाल सोडून फक्त वर-खाली होणारी थरथर सावरली जाते, पॅनिंगला तोच लावायचा. नुसता चालू-बंद खटका असेल तर दोन्ही प्रकारे काढून बघा. आणि धूळ! या सगळ्या स्वस्त झूम बाहेर लांबतात, लांबताना हवा आत ओढतात, हवेसोबत यात्रेची माती. तिथे उगाच झूम मागे-पुढे करत बसू नका, आणि लेन्स बदलायची असेल तर गाडीत बसून बदला.

हतनूरवर हा वादच फोल ठरतो. हिवाळ्यात तापीच्या त्या साठ्यावर चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं उतरतात, पण किनाऱ्यापासून लांब. २५० काय नि ३०० काय, बदक ठिपकाच. तिथे ६०० लागते, आणि त्या वाटेला लागलं की बजेट आणि खांदा दोन्ही बदलतात. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅमची, टॅमरॉनची १५०-६०० जी-टू २०१० ग्रॅमची, निकॉनची २००-५०० एफ ५.६ तर २३०० ग्रॅमची. तिन्हींत स्टॅबिलायझेशन आहे आणि तिन्हींना ते हवंच, कारण एवढ्या लांबीवर ते नसेल तर पक्षी चौकटीत धरून ठेवणंसुद्धा अवघड. तरी दोन किलो हातात धरून तासभर उभं राहता येत नाही. ट्रायपॉड नको असेल तर हरभरा भरलेली जाड कापडी पिशवी बांधावर नाहीतर जीपच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. पक्की बैठक मिळाली की आयएस बंद करा. जुन्या लेन्समध्ये ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर नसलेली थरथर शोधत बसतं आणि उलट चित्र हलवतं.

आणखी एक आपल्याकडचं. मार्च उजाडला की भुसावळ-जळगावच्या उघड्या रानावर सकाळी नऊ-दहापासूनच हवा लहरायला लागते. लांबच्या लेन्सने काढलेला फोटो त्या वाफेतून पाझरल्यासारखा येतो. याला ना आयएस उपाय, ना महागडी लेन्स. लोक लेन्स खराब म्हणून दुकानात घेऊन जातात. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, नाहीतर जवळचं काहीतरी काढा.

रात्रीच्या कार्यक्रमांचा प्रश्न वेगळा. हळद, शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीतला ऑर्केस्ट्रा. स्टेजवरचा उजेड कमी आणि माणसं सतत हलणारी. नाचणारं पोर पकडायला निदान १/२५० हवा, आणि एफ ५.६ ची लेन्स तिथे आयएस असूनही हात टेकते. एफ २.८ ची ७०-२०० चौपट उजेड आत घेते. अशा कामाला स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी एफ २.८ ची लेन्ससुद्धा आयएसवाल्या ५५-२५० पेक्षा उजवी. लग्नाच्या ऑर्डरी घेणार असाल तर ५५-२५० वर पैसे घालू नका, थांबा, साठवा आणि वापरलेली २.८ बघा. घरच्यांचेच फोटो काढायचे असतील तर गोष्ट निराळी. शेतात भरीत पार्टी चाललीये, कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजणारे काका आगीकडे बघत बसलेत, तर लांबून १/४० वर त्यांचा चेहरा ५५-२५० बऱ्यापैकी आणते. फक्त ते बोलायचे थांबले की बटण दाबायचं.

मधला पर्याय म्हणजे आयएसवाली ७०-३००. कॅननची २०१६ ची दुसरी आवृत्ती ७१० ग्रॅमची, चार स्टॉपची, फोकस फारच वेगवान. ती फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरही बसते, ५५-२५० बसत नाही. पुढेमागे फुल फ्रेम बॉडी घ्यायची नक्की असेल तर हीच घ्या. नुसत्या ५० मिलिमीटरसाठी जवळपास दुप्पट वजन वागवायची गरज मला तरी वाटत नाही.

निकॉनवाल्यांनी एक जपायचं. एएफ-पी डीएक्स ७०-३०० च्या दोन लेन्स आहेत, एक व्हीआरची, एक विना-व्हीआरची. वजनात जेमतेम १५ ग्रॅमचा फरक, रूप सारखंच. व्हीआरचा खटकाही लेन्सवर नाही, तो कॅमेऱ्याच्या मेनूत असतो, त्यामुळे हातात घेऊनही पटकन कळत नाही. नावात व्हीआर ही अक्षरं आहेत का, एवढंच बघायचं. शिवाय एएफ-पी लेन्स बऱ्याच जुन्या बॉडींवर फोकस करत नाही, तेव्हा आपली बॉडी सोबत नेऊनच सौदा करा.

कॅननचा मिररलेस असेल आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल (आर ५० आणि आर १० मध्ये नाही), तर आरएफ १००-४०० बघण्यासारखी आहे. ६३५ ग्रॅम, साडेपाच स्टॉपचं आयएस. फक्त ४०० ला ती एफ ८ होते, म्हणजे ती उन्हातली लेन्स. दाट जंगलात संध्याकाळी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

तर पहिली लेन्स घेणाऱ्याला माझं सांगणं : ५५-२५० एसटीएम, आणि तीही वापरलेली. लग्नसराई संपली की हौशी लोक विकायला काढतात. बाजारात तिची २००७ आणि २०११ ची जुनी रूपंही फिरतात. त्यांत आयएस आहे, पण फोकस करताना लेन्सचं तोंड फिरतं आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) लावला तर दर वेळी तो पुन्हा जुळवावा लागतो. एसटीएम ही अक्षरं बघूनच पैसे द्या.

वापरलेली घेताना आधी मोबाइलचा टॉर्च मागून मारून भिंगात बुरशीचं जाळं आहे का ते बघा, पावसाळाभर कपाटात पडलेल्या लेन्समध्ये ते हमखास सापडतं. मग झूम पूर्ण लांब करून १/६० वर दूरच्या पाटीचे दहा फोटो काढा, खटका बंद करून आणखी दहा, आणि स्क्रीनवर मोठे करून अक्षरं वाचा. दोन्ही दहांत फरक दिसत नसेल तर आतली यंत्रणा मेलेली आहे. मग विकणारा काही म्हणो, त्या लेन्सला ७५-३०० च्या वर भाव देऊ नका.