आठ चॅनेल सुटे करायचेत: ऑडॅसिटी की एफएफएमपेग?

सांगलीत नाट्यसंगीताच्या मैफली रेकॉर्ड करणारा मित्र या पेचात आहे. एकाच फाइलमध्ये आठ चॅनेल, म्हणजे गायक-वाद्यांचे वेगवेगळे आवाज, साठवलेले; ते वेगवेगळ्या फाइलींत काढायचेत. ऑडॅसिटी हा पडद्यावर ट्रॅक दाखवणारा ऑडिओ एडिटर, एफएफएमपेग हे कमांडवर चालणारं साधन. दोन्ही फुकट, म्हणजे खर्चाचा प्रश्न मिटला.

ऑडॅसिटीत फाइल उघडली की गायक, ऑर्गन, तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर येतात. ऐकून नावं द्यायची आणि सगळे एकदम एक्स्पोर्ट करायचे. एफएफएमपेगला कमांड टाइप करावी लागते, पण एकदा बसवली की अख्खं फोल्डर आपोआप निघतं.

जागेचं बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा दर्जाचे आठ चॅनेल तासाला सुमारे ४ जीबी खातात. ऑडॅसिटी प्रोजेक्टसाठी वर आणखी प्रत करते.

दर्जाला मात्र जपा! २४ बिट स्पष्ट सांगितलं नाही, तर एफएफएमपेग वेव्ह (WAV) फाइल १६ बिटची, म्हणजे कमी दर्जाची, करतं.

अधूनमधून एखादी मैफल असेल तर ऑडॅसिटी, जुन्या रेकॉर्डिंगचा ढीग उपसायचा असेल तर एफएफएमपेग.