स्ट्रेस टेस्टच्या नावाखाली 158 डॉलरला गंडवलं

नवा पीसी जोडला आणि तिसऱ्याच दिवशी तो रेंडर करताना मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला. रॅम, पॉवर सप्लाय की प्रोसेसर, काही कळेना. काम अंगावर आलेलं. 'स्ट्रेस टेस्ट टूल' (पीसीवर मुद्दाम पूर्ण ताण देऊन दोष शोधणारं सॉफ्टवेअर) असं शोधलं आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. ती जाहिरात होती. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: फुकट स्कॅन, लाल अक्षरांत '17 गंभीर दोष', 39 डॉलरचं लायसन्स, मग 'एक्स्पर्ट'चा फोन आणि 119 डॉलरचा सपोर्ट प्लॅन.

मी अडाणी नाही, पीसी स्वतः जोडतो. म्हणूनच जास्त लागलंय. 32 जीबी रॅमची तपासणी त्या टूलने 40 सेकंदांत उरकली! स्क्रीनवर 'सीपीयू लोड 100 टक्के' आणि फॅनचा आवाज जराही वाढलेला नाही. कॅबिनेटला हात लावून बघितला, गार. प्राइम95 या खऱ्या स्ट्रेस टेस्ट सॉफ्टवेअरमध्ये स्मॉल एफएफटी (प्रोसेसरला खूप तापवणारी चाचणी) लावलं की तापमान झरझर चढतं, फॅन घोंघावायला लागतो. हे मला माहीत होतं. तरी एक हात त्या गार पत्र्यावर असताना दुसऱ्या हाताने मी कार्डचा नंबर टाकला.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. सायबर तक्रार घेणाऱ्याने विचारलं, "सॉफ्टवेअर मिळालं ना? मग फसवणूक कसली?" स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, मग स्टेटमेंट आणा, मग साहेब रजेवर. तीन खेपा झाल्या, तक्रार क्रमांकसुद्धा दिलेला नाही. सर्च कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: धोरणाचा भंग आढळला नाही. ती जाहिरात आजही वरच आहे. चोराला दुकान थाटून देणाऱ्याला कुणीच जाब विचारत नाही?

प्राइम95 फुकट आहे. रॅम तपासणारं मेमटेस्ट86+ सुद्धा फुकट, पेनड्राइव्हवरून बूट होतं. विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक आधीपासूनच असतं, लिनक्सवर स्ट्रेस-एनजी. मूळ साइट जुनाट दिसते म्हणून बिचकू नका. मी त्यामुळेच चकचकीत साइटवर गेलो. आणि स्ट्रेस टेस्ट दोष फक्त दाखवते. रॅमची चिप कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. रिमोट ॲक्सेस, म्हणजे दुरून आपला पीसी चालवायची परवानगी, तर कुणालाच देऊ नका. मी दिला होता, नंतर सगळे पासवर्ड बदलून विंडोज नव्याने टाकावी लागली.

शेवटी मेमटेस्ट86+ लावलं. विसाव्या मिनिटाला लाल ओळी आल्या. रॅमच्या दोनपैकी एक स्टिक खराब होती, ती वॉरंटीत बदलून मिळाली. 158 डॉलर अजून मिळालेले नाहीत.